ओव्हन नको, बेकरीची भट्टी गाठा

पत्र:
सप्रेम नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी पिंपरीत भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. आमच्या विंगमध्ये आमच्याशिवाय बावीस घरं आहेत. पहिली दिवाळी म्हणून सगळ्यांना कुकीजचे विकतचे खोके दिले, एक साडेतीनशेला पडला. यंदा मिस्टरांच्या कंपनीत ओव्हरटाइम बंद आहे, बोनसचं नक्की नाही, आणि घराचा हप्ता काही थांबत नाही. देण्याघेण्यासाठी हातात दोन हजार आहेत. अकरा वर्षांच्या मुलीनं मोबाइलवर बघून चॉकलेट चिप कुकीजचा हट्ट धरलाय. घरी ओव्हन नाही. मला वाटतं सहा हजारांचा ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, हप्त्यांवर घ्यावा, दरवर्षी उपयोगी पडेल. सासूबाई म्हणतात, "आम्ही नानकटाई बेकरीतून भाजून आणायचो, तू पण आण." मला ते कसंतरीच वाटतं. लोक ड्रायफ्रूटचे खोके देणार आणि आम्ही नानकटाई द्यायची?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर:

सासूबाईंचं ऐका. हे वाक्य या सदरात मी फार वेळा लिहीत नाही, तेव्हा जपून ठेवा.

आधी गेल्या वर्षाचा हिशेब बघू. बावीस खोके साडेतीनशेचे, म्हणजे सात हजार सातशे. त्या खोक्यात काय होतं आठवतंय? बहुतेक एक चकचकीत पुठ्ठा, त्यात प्लास्टिकचा खाचांचा ट्रे आणि प्रत्येक खाचेत एक अशी बारा-पंधरा बिस्किटं. पैसे त्या पुठ्ठ्याचे होते. यंदा दोन हजारांत भागवायचं म्हणजे काहीतरी हलकं द्यायचं, असं तुमच्या मनात बसलंय. मला ते पटत नाही. पुठ्ठा, चिप्स, बदाम आणि यंत्र या चार गोष्टी काढल्या की दोन हजारांत साजूक तुपातलं देता येतं. कसं, ते सांगते.

ओटीजीचं आधी मिटवू. दीड हजार वॅटचा ओटीजी तासभर सलग तापला तरी दीड युनिट वीज खातो, तेव्हा विजेच्या बिलाला घाबरायचं कारण नाही. अडचण आहे ती त्याच्या पोटाची. घरगुती ट्रेवर एका वेळी बारा नानकटाया बसतात. तुम्हाला लागणार पावणेदोनशेच्या वर. म्हणजे पंधरा घाणे, आणि प्रत्येकाला सतरा-अठरा मिनिटं धरली तर जवळपास साडेचार तास तुम्ही त्या काचेसमोर. एवढं करून सहा हजारांचे हप्ते पुढच्या दिवाळीपर्यंत. खर्च वाचवायचा म्हणून कर्ज काढणं मला तरी जमत नाही. लेकीला खरंच बेकिंगची गोडी लागली, तर पुढे बघा. दिवाळीचं निमित्त करून आत्ता घेऊ नका.

आता भट्टी. तुम्हाला ते "कसंतरीच" का वाटतं ते मला कळतं. डोक्यावर थाळ्या घेऊन बेकरीसमोर रांगेत उभं राहणं म्हणजे चाळीतले दिवस, आणि तुम्ही आत्ताच फ्लॅटमध्ये आलात. माझ्या लहानपणी आमच्याकडे रवा, मैदा, साखर, डालडा असा सगळा शिधा पिशवीत भरून बेकरीत जायचा आणि संध्याकाळी तेलाच्या पत्र्याच्या डब्यातून बिस्किटं घरी यायची. डबा उघडला की वासानंच पोट भरायचं. सुट्टीभर ती पुरवायची असत आणि आई डबा कपाटावर चढवून ठेवायची. तिथे हात कसा पोचवायचा, हे आम्हा भावंडांचं वेगळं शास्त्र होतं.

तुमच्या भागात पाव भाजणारी जुनी बेकरी नक्की असेल. फक्त केक विकणारं दुकान नव्हे, मागे भट्टी असलेली. सकाळच्या पावांचा घाणा उतरल्यावर भट्टीचा ताव हळूहळू खाली येतो, आणि नानकटाईला तोच मवाळ ताव लागतो. पावाच्या तावात ती वरून करपेल आणि आतून कच्ची राहील. म्हणून साधारण दुपारची वेळ विचारून घ्या. दिवाळीच्या आधीच्या चार दिवसांत तुम्हाला कुणी उभं करणार नाही, तेव्हा आठ-दहा दिवस आधीच जा. मजुरी किलोवर ठरते. सासूबाईंना बरोबर न्या, तो विषय त्या तुमच्यापेक्षा चांगला हाताळतील. भट्टी लाकडाची आहे की गॅसची, तेही बघून घ्या. मुंबईत २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं, तेव्हापासून तिथल्या कितीतरी भट्ट्या बदलल्या. गॅसच्या भट्टीत धुराचा वास येत नाही, एवढंच. खुसखुशीतपणा तूप आणि हात यांवर असतो.

तर तूप. नानकटाईत जिन्नसांचा पाऊण खर्च आणि शंभर टक्के चव तुपाची, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही. बाकी सगळं पीठ आणि साखर. एका लहान घाण्याचं माझं माप असं: दीडशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम बेसन, एकशेवीस ग्रॅम तूप, शंभर ग्रॅम पिठीसाखर, चमचाभर बारीक रवा, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर खायचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलदोडा. याच्या वीसेक नानकटाया होतात. याची नऊपट केली की एकशेऐंशीच्या आसपास, म्हणजे बावीस घरांना प्रत्येकी आठ आणि थाळीतून उचलून खायला चार.

नऊपटीचा खर्च माझ्या वाण्याच्या यंदाच्या भावानं लिहिते, तुमच्याकडे पाच-दहा रुपयांनी पुढेमागे होईल. १ किलो ३५० ग्रॅम मैदा ६१ रुपये, ४५० ग्रॅम बेसन ५०, ९०० ग्रॅम साखर ४२, वेलदोडा-रवा-सोडा मिळून ५०. इथपर्यंत दोनशेतीन. आणि १ किलो ८० ग्रॅम साजूक तूप, साडेसहाशेच्या भावानं, ७०२. बघितलंत? सगळ्या पिठा-साखरेच्या तिप्पट एकटं तूप. भाजणावळीचे दोनशे धरा. अकराशेच्या आत-बाहेर साडेतीन किलो साजूक तुपातली नानकटाई झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये तुपावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. जुन्या छापील किमतीची बरणी कुणी पुढे केली, तर भाव विचारायला लाजू नका.

तूप अर्धं आणि वनस्पती अर्धं घातलं तर अडीचशे-पावणेतीनशे वाचतात. माझं मत विचाराल, तर करू नका. वनस्पतीतले ट्रान्स फॅट आता पूर्वीसारखे बेसुमार नसतात, २०२२ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्यांवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली आहे. पण मुद्दा जिभेचा आहे. वनस्पती तुपापेक्षा जास्त उष्णतेला वितळतं, म्हणून खाताना टाळ्याला मेणचट पापुद्रा बसतो आणि चहाचा घोट घेतल्याशिवाय जात नाही. बिस्किट खुसखुशीत होतं, पण जिभेवर विरघळत नाही. त्या पावणेतीनशेंसाठी दुसरी वाट आहे. आजपासून दुधावरची साय साठवा. घरात रोज लिटरभर म्हशीचं दूध येत असेल, तर तीन आठवड्यांत विकतचं तूप बरंच कमी आणावं लागेल. आणि कढवल्यावर खाली राहणारी बेरी फेकू नका! ती थोडी साखर घालून मुलीला द्या, किंवा खलबत्त्यात बारीक करून नानकटाईच्या पिठात मिसळा. खव्यासारखी चव येते, आणि कुणी विचारलं "यात काय घातलंय?" की नुसतं हसायचं.

आता हाताचं. पीठ घरी भिजवून न्या, बेकरीवाल्यावर सोडू नका. तूप वितळलेलं नको, रवाळ थिजलेलं हवं. मोठ्या परातीत ते घ्या आणि तळहाताच्या मागच्या उंचवट्यानं परातीवर घासत गोल फेसत जा. पाच मिनिटं काही घडत नाही, खांदा दुखायला लागतो. मग पिवळं तूप फिकट होतं, फुगतं आणि शेवटी लोण्यासारखं पांढरं दिसायला लागतं. पाण्याच्या वाटीत त्याचा थेंब टाकलात तर तरंगतो. मग पिठीसाखर घालून आणखी तेवढंच फेसा. किलोभर तूप एकदम झेपत नाही, तीन वाटण्या करा. सासूबाई, तुम्ही, लेक. मैदा-बेसन दोनदा चाळून यात घाला आणि इथे हात आवरा. कणकेसारखं मळलंत, तर मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई दाताखाली दगड होते. बोटांनी नुसतं गोळा करायचं, बस. दूध-पाणी काही नाही. गोळा फुटतोय असं वाटलं, तर चमचाभर तूप.

बेसनाला जुनाट वास येत असेल तर ते नानकटाईला वापरू नका, पिठल्याला वापरा. आणि सोडा चिमटीतच. चमच्यानं घातलात तर नानकटाई पसरते, काळपट होते आणि साबणाची चव येते. मी एका वर्षी केलंय, सगळ्या घरानं गप्प बसून खाल्लंय.

पिठाची परीक्षा घरीच घ्या. जाड बुडाच्या कढईत बोटभर मीठ पसरा, वर कढईतलं कडं किंवा जाळी ठेवा, झाकण घालून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवा. मग ताटलीत दोनच गोळे ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. पसरून पापड झाले, तर पिठात दोन चमचे बेसन वाढवा. भेगा न पडता गोळ्याचे गोळेच राहिले, तर तूप कमी पडलंय. वर बारीक भेगा आणि कडेला बदामी रंग आला की उतरवा. गरम असताना बोट लावलं तर दबतील, कच्चे वाटतील. वाटू द्या. गार होताना त्या आपोआप घट्ट होतात. नवख्या बायका इथेच घाबरून आणखी दहा मिनिटं ठेवतात आणि बिस्किटाचं खापर करतात. ते मीठ बरणीत भरून ठेवा, पुढच्या वेळी याच कामाला येईल. आमटीत मात्र घालू नका.

(सगळंच कढईत का नाही, असं विचाराल. सहा-सात एका वेळी, पंचवीस मिनिटांचा घाणा. एकशेऐंशींना किती तास लागतील, तुम्हीच गुणाकार करा.)

गोळे घरीच वळून थाळ्यांत मांडून न्या, आणि खूण करा. ही गोष्ट मी ठळक अक्षरांत लिहायला हवी. एका वर्षी आम्ही वेलदोडा, केशर, वर चारोळी अशी हौस केली होती. घरी येऊन डबा उघडला तर आत बिनचारोळीची, बिनवेलदोड्याची कुणाचीतरी पांढरी बिस्किटं. बेकरीत परत जाईपर्यंत आमचा डबा कोण घेऊन गेलं ते कुणालाच माहीत नव्हतं. बेकरीवाल्यानं हात वर केले. त्या बिस्किटांना दोष नव्हता, चांगली होती बिचारी, पण केशराचा शोक आई होळीपर्यंत करत होती. तेव्हा प्रत्येक गोळ्यावर काट्यानं दोन रेघा ओढा किंवा बाटलीच्या बुचानं ठसा उमटवा, थाळीला आडनावाची चिठ्ठी चिकटवा आणि भाजून होईपर्यंत तिथेच उभ्या राहा.

लेकीच्या हट्टाकडे येते. चिप्स घेऊ नका. २०२४ मध्ये जगाच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला होता, त्याची झळ आपल्या वाण्याच्या फळीपर्यंत पोचली. छोट्याशा पाकिटातल्या चिप्स पिठाच्या पोटात गेल्या की दिसतही नाहीत. त्यापेक्षा कंपाउंड चॉकलेटची छोटी वडी आणा. त्यात कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं म्हणून ती स्वस्त असते. खरं चॉकलेट नव्हे, पण या कामाला चालते. नऊ घाण्यांपैकी सव्वादोन घाण्यांच्या पिठात साडेचार चमचे मैदा काढून तेवढाच कोको घाला, आणि सुरीनं वडीचे शेंगदाण्याएवढे तुकडे करून प्रत्येक गोळ्यावर एकच दाबून बसवा. वर बसलेला तुकडा डोळ्यांना दिसतो, पोटातल्या पाच चिप्सचं काम करतो. हे लेकीनंच करावं. प्रत्येक घराच्या आठांत दोन तिच्या हातच्या, म्हणजे चव्वेचाळीस. तिला मोजू दे. कमी पडल्या तर कुठे गेल्या ते तिलाच विचारा. हा सगळा खर्च दीडशेत बसतो.

नानकटाईसोबत काहीतरी तिखट हवं. चकलीच्या वाटेला जाऊ नका, तेल आणि वेळ दोन्ही खाते. करंजी तर बावीस घरांसाठी करायला घेतलीत तर पाडव्याला तुम्ही आजारी. पातळ पोह्यांचा चिवडा करा. दीड किलो पोहे, चारशे ग्रॅम दाणे, पाव किलो डाळं, थोडं सुकं खोबरं, मिरची-कढीपत्ता, पाव किलो तेल. सगळं सव्वातीनशेच्या आसपास जातं आणि घरटी शंभर ग्रॅम सहज होतं. पोहे आधी दोन दिवस उन्हात ठेवा, ऑक्टोबरचं ऊन फुकट आहे. मग भाजायला आच कमी लागते आणि ते आकसत नाहीत. दाणे-खोबरं आणताना एकेक खाऊन बघा. एक खवट दाणा अख्ख्या डब्याला पुरतो. पिठीसाखर चिवडा गार झाल्यावर भुरभुरवा, गरमात घातलीत तर ओल धरते.

तर अकराशे, दीडशे, सव्वातीनशे. पावणेसोळाशे झाले. उरलेल्या सव्वाचारशेत बांधणावळ आणि घरच्यांसाठी शंकरपाळी. बांधणावळीला दोनशेच्या वर जाऊ नका. खाकी कागदी पिशवी, आत बटरपेपर, वर लेकीच्या अक्षरात नाव. किंवा मला जास्त आवडेल ते सांगू? विंगमधलीच घरं आहेत, पिशवी कशाला? घरातले स्टीलचे डबे काढा आणि रोज संध्याकाळी पाच-सहा घरी तुम्ही दोघी मायलेकी जाऊन द्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालून देतात. डबा परत द्यायला कुणीतरी दार वाजवेल, आत येईल, पाच मिनिटं बसेल. वर्ष झालं तुम्हाला तिथे राहायला येऊन, आणि पत्रात तुम्ही बावीस "घरं" लिहिलीत, एकाही शेजारणीचा उल्लेख नाही. गेल्या वर्षीचे खोके तुम्ही बहुधा दारातच दिले असणार.

ड्रायफ्रूटच्या खोक्यांशी बरोबरी करायची भीती सोडून द्या. असे दोन खोके माझ्याकडेही येतात. त्यातले काजू शिऱ्यात जातात, मनुका मुंग्यांना, आणि खोक्यात मी बटणं ठेवते. कुणी दिला होता ते आठवत नाही. पण चारेक वर्षांपूर्वी आमच्या वरच्या मजल्यावरून आलेल्या, जरा जास्त भाजल्या गेलेल्या अनारशांच्या ताटलीवरचा विणलेला रुमाल मला अजून आठवतो, कारण तो मी परत करायचा विसरले आणि ती बाई मला अजून त्यावरून चिडवते.

आणखी एक. भाजून आणलेली नानकटाई पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नका. आत वाफ कोंडली की दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते आणि मग भट्टीला, तुपाला, मला, सगळ्यांना बोल लागतो. रात्रभर वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. जुन्या सुती साडीवर पसरून ठेवा. आणि बेकरीत जाताना पिशवीत दोन जाड फडकी टाका. थाळ्या हातात देताना ते सांगत नाहीत की गरम आहेत.